वेगाचा वाटाड्या

साठी उलटलेल्या गृहस्थाने पहाटे उठून काय करावे, याविषयी आपल्या घरांतून फारसा मतभेद आढळत नाही. स्नान, संध्या, फार तर देवळापर्यंत एक फेरी, आणि मग वर्तमानपत्र. अशा गृहस्थाने अर्धी विजार घालून, छातीवर क्रमांकाचा कागद टाचून, एकवीस किलोमीटर धावण्यास निघावे हे ऐकून कोणाही वाचकास हसू येईल. आमच्या घरीही ते आले. तथापि या धावण्याने आम्हास जे शिकविले, ते छत्तीस वर्षे शाळेत शिकवीत असता उमगले नव्हते. म्हणून हसण्याचा धोका पत्करून हा वृत्तांत लिहीत आहो.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरांची धाव. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिक सामन्यांत हे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ साली लंडन येथे विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंत जो मार्ग आखला गेला, त्याचीच लांबी पुढे १९२१ साली कायम ठरली. तिच्या निम्मी, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, ती अर्धी मॅरेथॉन. आमच्या साताऱ्यात अशी धाव २०१२ सालापासून सुरू झाली. गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढावयाचा, कासच्या वाटेने काही अंतर जाऊन परत फिरावयाचे आणि तोच घाट उतरावयाचा, असा तिचा क्रम आहे.

पहिल्या वर्षी आम्ही कोणाचाच सल्ला घेतला नाही. यवतेश्वरास पायी जाण्याची सवय तरुणपणापासूनची. तेव्हा वाट आमच्या ओळखीची आहे, असा अहंकार होता. आरंभीच तरुणांच्या बरोबरीने निघालो. वाटेत दोन जुने विद्यार्थी ‘सर, सर’ म्हणून ओरडले, त्याने पायांस अधिकच चेव आला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. परतीच्या वाटेवर मांड्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आम्ही रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलो, ते गाडीतूनच खाली आलो. आमच्या कुटुंबाने त्या दिवशी एक अक्षर काढले नाही. ती रागावली असती तर बरे वाटले असते.

या फजितीचे कारण पुढे समजले. स्नायूंत व यकृतात शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने बाळगून असते. शक्तीबाहेर वेग घेतला की हा साठा झपाट्याने खर्च होतो. बेताने धावले तर चरबीचेही जळण मिळते आणि साठा दूरवर पुरतो. पहिल्या अर्ध्या तासातील उधळपट्टी शेवटच्या तासात सावकाराप्रमाणे व्याजासह वसूल होते, ती अशी.

दुसऱ्या वर्षी घरात मोठी सभा भरली. डॉक्टरांनी चालत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढला व परवानगी दिली. परंतु सूनबाईंनी एक अट घातली. ‘बाबा, एकटे धावायचे नाही. पेसरबरोबर धावायचे.’

हा पेसर म्हणजे वेगाचा वाटाड्या. त्याच्या हाती निशाण असते व त्यावर वेळ लिहिलेली असते: दोन तास, अडीच तास, तीन तास. ज्यास त्या वेळेत पोहोचावयाचे असेल त्याने त्या निशाणामागे धावावे. या टोळीस धावणारे लोक ‘बस’ म्हणतात. वाटाड्या स्वतः याहून पुष्कळ वेगाने धावू शकणारा असतो. पण त्या दिवसापुरता तो आपला वेग बाजूस ठेवितो. तीन तासांच्या बसला दर किलोमीटरास सरासरी ८ मिनिटे ३२ सेकंद मिळतात. सपाटीवर तोच वेग अखेरपर्यंत राखावयाचा. घाटात मात्र चढावर किती सोडावे व उतारावर किती भरून काढावे, याचा हिशेब वाटाड्याने मनात ठेवावयाचा असतो.

ही सोय केवळ आमच्यासारख्या दुबळ्यांसाठी आहे असे मात्र समजू नये. १९५४ साली ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर एक मैल चार मिनिटांच्या आत धावला, तेव्हा ब्रॅशर व चॅटवे हे दोघे पाळीपाळीने त्याच्यापुढे धावत होते. २०१९ साली व्हिएन्ना येथे केनियाच्या एलियुड किपचोगेने मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत तोडले, त्या वेळी तर एक्केचाळीस धावपटू आलटूनपालटून त्यास साथ देत होते. अशा साहाय्यामुळे तो अधिकृत विक्रम ठरला नाही. परंतु एकट्याने ते साधले नसते, ही गोष्ट त्याने लपविली नाही.

आमची वाटाडी तिशीतील एक मुलगी होती. रविवारच्या सरावात तिने एकच नियम घालून दिला: धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, न आले तर वेग जास्त झाला. आम्हास नवल वाटले. व्यायाम अर्ध्या बळानेच करावा व श्वास मुखावाटे वाहू लागला की अर्धे बळ संपले असे समजावे, ही खूण सुश्रुतसंहितेत दिलेली आहे. आम्ही ती वाचली होती. पायांपर्यंत मात्र पोहोचली नव्हती.

धावेच्या दिवशी घाटात शेकडो लोक आम्हास मागे टाकून गेले. आमचा जीव तळमळला. ती म्हणाली, ‘काका, जाऊ द्या त्यांना. उतारावर भेटतील.’ आणि खरोखरच त्यांतील कित्येक उतारावर कमरेवर हात ठेवून उभे असलेले भेटले.

तथापि सोळाव्या किलोमीटरापाशी आमच्याही पोटरीत गोळा आला. ती थांबेल असे वाटले. ती थांबली नाही. थांबणे तिच्या हाती नव्हते. तिच्यामागे तीस माणसे होती. ‘काका, पाय मोकळे करा, हळू चाला. मागून सव्वातीनची बस येते आहे,’ एवढे सांगून निशाण वळणाआड गेले. गतवर्षीचा दगड आठवला. दात खाऊन पाठलाग करावा असे एकदा मनात आले. परंतु पोटरी चोळली आणि सावकाश चालू लागलो. काही वेळाने मागून दुसरे निशाण आले. त्याचा धारक हसून म्हणाला, ‘या काका, जागा आहे.’ त्या बसने आम्ही ३ तास १४ मिनिटांत, आपल्या पायांनी, पोहोचलो.

त्या शेवटच्या चार किलोमीटरांत आमच्या डोळ्यांसमोर नववीतील एक मुलगा होता. त्यास शब्दरूपे पाठ होत नसत. आम्ही पहिल्या बाकाच्या वेगाने वर्ग चालवीत असू. एके दिवशी त्याच्या वडिलांस सर्व वर्गादेखत सांगितले, ‘याला हे झेपायचे नाही.’ पुढील आठवड्यापासून तो शाळेत आला नाही. वर्ग थांबविणे आमच्या हाती नव्हते, हे खरे. पण मागून दुसरी बस येते आहे, एवढे तरी त्यास सांगता आले असते. ते आम्ही सांगितले नाही, कारण ती बस आम्ही सोडलीच नव्हती. तो आज कोठे आहे, हे आम्हास ठाऊक नाही.

घरी आल्यावर कुटुंबाने पायांस तेल लावण्यास दिले आणि विचारले, ‘तीन तासांत आलात का?’ आम्ही खरे ते सांगितले. ‘उशीर झाला, पण गाडीतून नाही आलात,’ एवढेच ती म्हणाली.

सध्या सायंकाळी आमच्या ओसरीवर शेजारची तीन मुले संस्कृत शिकण्यास येतात. त्यांतील एकाचा वेग निराळा आहे. त्याच्यासाठी निराळी वेळ ठेविली आहे.