दोन जिवांच्या दोघी

गर्भवती स्त्रीला आपल्या भाषेने ‘दोन जिवांची’ म्हटले आहे. तिच्या देहाइतकाच तिच्या मनालाही जपावे, हे आपल्या पूर्वजांना उमगले होते. डोहाळजेवण कधी बागेत, कधी नावेत, तर कधी चांदण्यात करण्याची रीत त्यातूनच पडली असावी. पवारांच्या राज्यांबरोबर माळव्यात रुजलेल्या मराठी घरांनीही ती जपली. स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही मी या रीतीकडे केवळ हौस म्हणून पाहत असे. ९ डिसेंबर २०१९ या दिवसाने माझा समज बदलला.

प्रत्येक महिन्याची ९ तारीख ही ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’ची. २०१६ पासून या दिवशी शासकीय आरोग्य केंद्रांत दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते आणि खासगी डॉक्टरांनीही तेथे सेवा द्यावी, अशी अपेक्षा असते. माझी बालमैत्रीण धारला राहते. तिला सातवा महिना होता आणि मला सव्विसावा आठवडा. धारजवळच्या एका केंद्रात दुपारपर्यंत सेवा द्यावी व मग दोघींनी मनसोक्त भटकावे, असा आमचा बेत ठरला.

देवासहून इंदूरमार्गे धार सुमारे शंभर किलोमीटर. गर्भारपणी एवढ्या प्रवासास सहसा हरकत नसते. मात्र दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, पाणी पीत राहावे. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या भागावरून घ्यावा व वरचा पट्टा छातीच्या मधून. तपासणीचे कार्ड नेहमी जवळ असावे.

केंद्रावर मोठी रांग होती. मैत्रीण डॉक्टर नाही, पण तिला भिली कळते. ती बाकावर बायकांमध्ये जाऊन बसली. तिचे पोट पाहून बायका मोकळेपणाने बोलू लागल्या. थोड्या वेळाने ती एका मुलीला हाताला धरून आत घेऊन आली. ‘‘हिची बस निघायची वेळ झाली आहे, ही परत चालली होती. दोन दिवसांपासून डोके दुखते आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते. हिला आधी बघ.’’ आठवा महिना, चेहऱ्यावर सूज, रक्तदाब १६०/११०, लघवीत प्रथिने. ही गर्भविषबाधेची तीव्र अवस्था होती आणि कोणत्याही क्षणी झटके येऊ शकले असते. मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन आम्ही तिला रुग्णवाहिकेने जिल्हा रुग्णालयात पाठवले. पुढे बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे आशाताईंनी कळवले.

ती मुलगी ते दुखणे कोणालाच बोलली नव्हती. ‘‘जागरणाने होत असेल, असे वाटले,’’ एवढेच ती म्हणाली. डॉक्टरांना जे सांगायला संकोच वाटतो, ते दुसऱ्या दोन जिवांच्या बाईला सहज सांगितले जाते.

आमचेही तेच झाले. दुपारी डबा खाताना मैत्रिणीने कबूल केले, की बद्धकोष्ठामुळे तिने महिनाभर लोहाच्या गोळ्या सोडल्या होत्या. डॉक्टर रागावतील म्हणून ती गप्प होती. तिचे हिमोग्लोबिन ९.२ भरले, गर्भारपणी ते किमान ११ हवे. मग तिने मला विचारले, ‘‘तुझी साखरेची तपासणी झाली?’’ इतरांना चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती करायला सांगणारी मी स्वतःची मात्र पुढे ढकलत होते. या तपासणीला उपाशीपोटी असावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. १४० किंवा त्याहून अधिक साखर म्हणजे गर्भावस्थेतील मधुमेह. माझी १५२ निघाली.

सायंकाळी आम्ही धारच्या किल्ल्यापाशी गेलो. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरच्या धामधुमीत रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई गर्भवती असताना येथे आश्रयाला होत्या आणि १० जानेवारी १७७५ रोजी येथेच दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. भोवती तटबंदी होती, पहारे होते. मनातले सांगायला कोणी सखी होती का, असा प्रश्न मैत्रिणीने सहज केला आणि आम्ही दोघी बराच वेळ निःशब्द राहिलो.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. झारखंड व ओडिशातील आदिवासीबहुल भागांत ‘एकजुट’ संस्थेने स्त्रियांचे गट चालवले. गोष्टी, चित्रे व खेळ यांच्या आधारे बायकाच आपल्या अडचणी ओळखून उपाय ठरवत. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तीन वर्षांत तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण गट नसलेल्या भागांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये अशा गटांची शिफारस केली.

आपल्या मंडळातील डॉक्टरांनी महिन्यातील एक ९ तारीख द्यावी, ही विनंती आहेच. परंतु घरातील मंडळींनाही मला विनवायचे आहे. आपल्या सुनेला किंवा लेकीला बरे वाटत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर एखाद्या समदुःखी, समसुखी सखीबरोबर एक दिवस बाहेर पाठवा. शक्य असल्यास दोघींना रांगेतल्या बायकांजवळ थोडा वेळ बसू द्या. डोहाळे पुरवण्याची आपली रीत त्यामुळे अधिक पुण्यप्रद होईल.