ऋषिऋण आणि आपला व्यवसाय

मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो, असें आपल्या शास्त्रकारांनीं म्हटलें आहे. त्यांपैकीं ऋषिऋणाचा व्यवहार कांहीं निराळाच आहे. सावकाराचें कर्ज सावकारासच परत करावयाचें असतें. विद्येचें ऋण मात्र आपल्यामागून येणाऱ्यास देऊनच फिटतें. वकिली, वैद्यकी, शिक्षण, कारखानदारी, कोणत्याही व्यवसायांत चार पावलें पुढें गेलेल्या गृहस्थास हा हिशेब लागू आहे.

अडचण एवढीच कीं, शिकविण्याजोगें कांहीं पदरीं पडतें त्याच वयांत सवड सर्वांत कमी असते. ‘थोडी उसंत मिळाली म्हणजे पाहूं’ असें म्हणतां म्हणतां निवृत्तीचा दिवस उजाडतो, आणि तीस वर्षांचा अनुभव कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं.

ही अडचण न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनाही होतीच. १८८७ च्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले हे तरुण शिक्षक पुण्यास त्यांच्या सहवासांत आले, तेव्हां रानडे न्यायखात्यांत जबाबदारीच्या हुद्द्यावर होते. त्यांनीं या एकवीस वर्षांच्या तरुणास नुसता उपदेश केला नाहीं. आपल्या कामांतलाच वांटा दिला. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें संपादन, सरकारी अहवालांचें वाचन, आंकड्यांची छाननी, अर्जांचे मसुदे, हेंच गोखल्यांचें विद्यालय झालें. १९०१ मध्यें रानडे निवर्तले तोंपर्यंत, म्हणजे सुमारें चौदा वर्षें, ही शिकवण चालली. १८९७ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष द्यावयाची होती. रानडे आणि अर्थशास्त्राचे जाणते गणेश व्यंकटेश जोशी यांनीं तयारी करून घेतली. लंडनमध्यें उलटतपासणीस उभे राहिले ते मात्र गोखले.

गोखल्यांनीं हें ऋण पुढच्या पिढीस दिलें. १९०५ मध्यें त्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, व नव्या सभासदांस पांच वर्षांची उमेदवारी लावून दिली. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर गांधीजींस त्यांनीं सुमारें महिनाभर आपल्याजवळ ठेवून घेतलें होतें. १९१५ च्या जानेवारींत गांधीजी स्वदेशीं कायमचे परतले, तेव्हां वर्षभर देश पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर मतें मांडूं नयेत, असें गोखल्यांनीं त्यांच्याकडून कबूल करून घेतलें. पुढें अवघ्या कांहीं आठवड्यांत, १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, गोखले वारले. वय होतें अठ्ठेचाळीस. हें काम त्यांनीं म्हातारपणच्या सवडीवर टाकलें असतें, तर तें झालेंच नसतें.

श्रोतेहो, आपणां सर्वांस एवढी मोठी कामें लाभत नाहींत. पण रीत तीच आहे. आपल्या हाताखालच्या एखाद्या होतकरू तरुणास किंवा तरुणीस आपल्या मेजावरचें एक खरें काम द्यावें. त्याचा मसुदा ओळ न् ओळ तपासावा, चुकलें तेथें स्पष्ट सांगावें. काम उतरलें म्हणजे वरिष्ठांपुढें तें मांडण्याची संधि ज्याचें त्यालाच द्यावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण तेथें श्रेयावरचा आपला हात सोडावा लागतो. आठवड्यांतला एक तास यासाठीं राखून ठेवणें कोणासही अशक्य नाहीं. आणि त्याचा आरंभ याच आठवड्यांत करतां येईल.