रविवारी संध्याकाळी उघडणारा बाजार

५ ऑगस्ट २०२४. टोकियोत सोमवारची सकाळ होती, शिकागोत मात्र रविवारची संध्याकाळ. घरोघरी जेवणाची तयारी चालू असताना जपानचा निक्केई २२५ निर्देशांक कोसळू लागला आणि बाजार बंद होईतो ४,४५१ अंकांनी, म्हणजे १२.४ टक्क्यांनी, खाली आला. अंकांच्या हिशेबाने ही त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी घसरण ठरली. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर वाढवला होता, येन वधारत होता आणि अमेरिकेतील रोजगाराचे आकडे निराशाजनक आले होते.

आपल्यापैकी अनेकांची मुले-पुतणे आज अमेरिकेत स्थिरावली आहेत. दिवसा नोकरी आणि रात्री आशियाचा वायदा, हा मोह त्यांना सहज पडू शकतो. म्हणून हा व्यवहार समजून घेणे अगत्याचे आहे.

निक्केईचा वायदा १९८६ साली प्रथम सिंगापुरात सुरू झाला, १९८८ मध्ये ओसाकात आणि १९९० मध्ये शिकागोत आला. शिकागोच्या डॉलरमधील वायद्यात निर्देशांकाच्या प्रत्येक अंकाचे मोल ५ डॉलर असते. येनमधील वायद्यात ५०० येन. पहिल्यात नफातोटा थेट डॉलरमध्ये मोजला जातो, दुसऱ्यात चलनाच्या चढउताराचाही भार पडतो. परदेशी बाजारांतील शेअर-निर्देशांकांचे वायदे मात्र अमेरिकी ग्राहकास सरसकट खुले नाहीत. त्यासाठी तेथील वायदे आयोगाची मान्यता लागते.

करआकारणीचा नियमही निराळा आहे. शिकागोतील अशा वायद्याचा नफा सौदा एका दिवसाचा असला तरी ६० टक्के दीर्घ मुदतीचा व ४० टक्के अल्प मुदतीचा धरला जातो. शिवाय वर्षअखेरीस उभा असलेला सौदाही त्या दिवशीच्या भावाने मिटला असे मानून कर आकारतात.

आता त्या सोमवारचा हिशेब मांडू. आदल्या शुक्रवारी निर्देशांक ३५,९०९ वर बंद झाला होता. डॉलरमधील एका वायद्याचे मूल्य त्या पातळीला सुमारे १,७९,५०० डॉलर भरते. अनामत मात्र त्याच्या लहानशा अंशाइतकीच द्यावी लागते. ४,४५१ अंकांची घसरण म्हणजे एका वायद्यामागे सुमारे २२,२५० डॉलरचा तोटा. दुसऱ्याच दिवशी निर्देशांक ३,२१७ अंकांनी उसळला. परंतु ज्याचा सौदा अनामत अपुरी पडल्याने दलालाने आदल्या रात्रीच कापला असेल, त्याला त्या उसळीचा काय उपयोग? अंदाज बरोबर ठरूनही थैली रिकामी असल्यास व्यापारी बुडतो. १९९५ साली सिंगापुरातील निक्केईच्या वायद्यांनी बेअरिंग्ज ही दोन शतकांहून जुनी ब्रिटिश बँक बुडवली. कोबेच्या भूकंपानंतर निक लीसन तोटा भरून काढण्यासाठी सौदे वाढवीतच गेला होता.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी बाजारातील मार्जिन भरण्यासाठी भारतातून पैसे पाठवता येत नाहीत. मध्यरात्री पुतण्याचा फोन आला, तरी पेढीच्या तिजोरीतून ती मदत करता येणार नाही.

म्हणून सौदा करण्यापूर्वीच तोट्याची मर्यादा कागदावर लिहावी, आणि ती रक्कम गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच ठेवावी. आपल्या पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ रोजच्या रोज जुळवला. वायद्याचा बाजारही रोज हिशेब मागतो. फरक इतकाच की तो उधारी ठेवत नाही.