जुन्या आवाजांची जपणूक

आवाज मुखातून निघाला की विरून जातो. १८७७ साली एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र केले आणि तो धरून ठेवण्याची विद्या मनुष्यास साधली. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले. लाखेच्या त्या तबकड्या मिनिटास सुमारे ७८ फेरे घेत व एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गात. १९४८ पासून ३३⅓ फेऱ्यांची व्हिनाइलची दीर्घ तबकडी आली. १९६३ मध्ये कॅसेट अवतरली आणि सामान्य कुटुंबासही आपल्या माणसांचा आवाज घरी टिपता येऊ लागला.

परंतु ही साधने अमर नव्हेत. तबकडीची खाच सुईने झिजते; फितीवरील चुंबकीय लेप ओलाव्याने सुटतो, तिला बुरशीही लागते. म्हणून त्यांवरील ध्वनी अंकीय रूपात उतरवून घ्यावा लागतो. संगणकास जोडलेले उपकरण ध्वनिलहरीची उंची सेकंदास ४४,१०० वेळा मोजते व प्रत्येक माप अंकांत नोंदविते. हे अंक कितीही वेळा उतरविले तरी झिजत नाहीत.

काम सोपे असले तरी त्यास सावधपणा हवा. तबकडी प्रथम स्वच्छ करावी. मात्र लाखेच्या तबकडीस स्पिरिट लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. तिची खाच रुंद असल्याने तिला जाड सुई लागते. दीर्घ तबकडीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासून खरखर वाढविते. कॅसेट वाजविण्यापूर्वी यंत्राचे डोके पुसावे आणि फीत एकदा पुढे-मागे फिरवून सैल करावी. तासाभराच्या फितीस तासच द्यावा लागतो. येथे घाई चालत नाही. ती संगणकावर सुमारे ६०० मेगाबाइट जागा व्यापते. खरखर काढण्याचा मोह झाला तरी मूळ प्रत जशीच्या तशी राखावी, कारण खरखरीबरोबर आवाजातील जीवही जातो. प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ फीत फेकू नये.

हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांतील कित्येक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या नावागावासह आज संगणकावर ऐकावयास मिळतात. नावच नसते, तर तो केवळ कोणातरी स्त्रीचा आवाज राहिला असता.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या राजेश्वरसारख्या सीमेवरील गावात एकाच घरात मराठी अभंग आणि कन्नड वचने दोन्ही ऐकू येतात. एखाद्या फडताळात आजीची ओवी किंवा आजोबांचे भजन असलेली फीत पडली असेल. ती या सुट्टीत शोधा. ती वाजवून घरच्या वडीलधाऱ्यांस विचारा : हा आवाज कोणाचा, प्रसंग कोणता, वर्ष कोणते? उत्तर देणारी माणसे आहेत तोवरच ते कागदावर लिहून ठेवा. ध्वनी यंत्र जपेल; ओळख मात्र आपणच जपावयाची आहे.