बायबलचे वाङ्मय म्हणून वाचन

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह होय. प्रॉटेस्टंट गणनेप्रमाणे त्यात ६६ पुस्तके येतात. नवख्या वाचकाने ती पहिल्या पानापासून क्रमाने वाचू लागणे इष्ट नव्हे. वंशावळी व विधिनियम यांतच त्याचा उत्साह मावळतो. आरंभ चार अध्यायांच्या 'रूथ'पासून करावा. परक्या शेतात सरवा वेचणारी परदेशी विधवा चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातील वाचकास टीपेवाचून समजते.

त्यानंतर 'निर्गम' घ्यावे. त्याच्या तुलनेस या प्रदेशातील अभ्यासकाजवळ एक मोलाचे साधन आहे, ते म्हणजे गोंडांचे लिंगोगीत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांतून रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. तेथेही कोंडलेल्या लोकांची सुटका आहे, नेता आहे, पाणी ओलांडणे आहे. मात्र समुद्र दुभंगत नाही, कासव तारून नेते. एवढ्या साम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तथापि हे गीत मिशनऱ्याच्या हातून लेखनात आले, हेही विसरता कामा नये. मौखिक परंपरा लेखनात उतरताना कोणाच्या हातून काय बदलले, हा प्रश्न दोहोंसही सारखाच लागू आहे. एकास 'शास्त्र' व दुसऱ्यास 'लोकगीत' म्हणून तो टाळता येत नाही.

स्तोत्रांत ओवी-अभंगांचे यमक शोधू नये. रॉबर्ट लौथ यांनी १७५३ मध्ये दाखविल्याप्रमाणे हिब्रू काव्याचा बांधा एका चरणाच्या अर्थास दुसऱ्याने दिलेल्या प्रतिसादावर उभा आहे. म्हणूनच ते भाषांतरात बरेचसे टिकते. पंडिता रमाबाईंचे १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले मराठी भाषांतर दुसऱ्या एखाद्या भाषांतराशेजारी ठेवून एकच स्तोत्र वाचावे, आणि शब्द वेगळे होतील तेथे थांबावे.