नंदीने सोडलेली वाट

कुंभकोणमपासून दोन-अडीच कोसांवर असलेल्या पट्टीश्वरम् येथे धेनुपुरीश्वराच्या दर्शनास जाणाऱ्याला नंदी गाभाऱ्याच्या थेट समोर न दिसता किंचित बाजूस सरलेला दिसतो. स्थलपुराण असे सांगते की, सातव्या शतकातील बालसंत ज्ञानसंबंधर भर उन्हात चालत येत असता शिवाने त्यांच्या मस्तकावर मोत्यांचा मांडव धरविला, आणि त्यांचे आगमन आपल्याला नीट दिसावे म्हणून नंदीला वाटेतून दूर होण्याची आज्ञा केली. छायाचित्रे घेणाऱ्याला ही कथा विशेष जवळची वाटते. कारण प्रखर उजेड मवाळ कसा करावा आणि दृष्टीच्या आड काही कसे येऊ देऊ नये, या दोन विवंचनांतच त्याचे आयुष्य जाते.

हा मुलूख सुमारे सव्वाशे वर्षे तंजावरच्या भोसल्यांच्या अंमलाखाली होता; तथापि येथील मातीचा खेळ तमिळांचा स्वतःचा, सिलंबम. आपल्या लाठीकाठीचाच हा भाऊबंद म्हणावा. २०२४ च्या जानेवारीत तमिळनाडूत झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धेत सिलंबम प्रात्यक्षिकाचा खेळ म्हणून मांडला गेला, आणि त्याच स्पर्धेत आपला मल्लखांबही होता.

समजा, दिवेलागणीच्या वेळी सिलंबम चालला आहे, आणि फिरत्या काठीचे टोक सेकंदाला वीस मीटर वेगाने धावते आहे. कॅमेऱ्याचे दार सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात ते टोक आठ सेंटिमीटर पुढे गेलेले असते, आणि चित्रात काठीच्या जागी एक धुरकट पट्टा उमटतो. परंतु उजेडच जर सेकंदाचा दहाहजारावा भाग टिकणारा असेल, तर टोक केवळ दोन मिलिमीटर सरकते आणि काठीचा पेर न् पेर स्पष्ट येतो. कृत्रिम प्रकाशाचे खरे सामर्थ्य येथे आहे: अंधार उजळणे हे त्याचे दुय्यम काम, काळाचा पातळ काप घेणे हे मुख्य. १८५१ मध्ये फॉक्स टॅल्बटने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फिरत्या चाकावर छापील कागद चिकटवून विजेच्या ठिणगीच्या प्रकाशात त्याचे छायाचित्र घेतले, आणि त्यातील अक्षरे वाचता आली. पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टनने विद्युत्-लखलखाटाला शास्त्रीय शिस्त लावली, आणि जॉन मिली याने ती खेळाडू व नर्तक यांच्यापुढे नेली.

व्यवहारात मात्र एक अडचण आडवी येते. पडदा सरकवून उघडणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागाहून त्वरा वाढविली की संपूर्ण चौकट एकाच क्षणी उघडी राहत नाही, आणि चित्राचा एक भाग काळा पडतो. म्हणून गती गोठविण्याचा भार फ्लॅशवर सोपवून भोवतालचा उजेड चित्रात नगण्य होईल अशी तजवीज करावी लागते. तो उरला, तर काठीच्या तीक्ष्ण प्रतिमेभोवती तिचीच भुतासारखी छाया रेंगाळते. लहान फ्लॅश पूर्ण ताकदीने सुमारे सहस्रांश सेकंद टिकतो, पण सोळाव्या हिश्शाने चालविला तर त्याचा अवधी दहाहजारांशाच्या आसपास येतो. यास्तव एक थोरला दिवा पूर्ण जोराने पेटविण्यापेक्षा तीन-चार लहान दिवे मंद ठेवून खेळाच्या जवळ आणणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. अंतर निम्मे झाले की उजेड चौपट होतो.

मल्लखांबाची रीत वेगळी. एरंडेल चोळलेला तो लाकडी खांब समोरून आलेल्या उजेडात पांढऱ्या चकाकीने डोळे दिपवितो. दिवा बाजूने, किंचित मागून लावला, की मात्र खांबाची गोलाई आणि त्याला बिलगलेल्या अंगाचे स्नायू उठून दिसतात. शिवाय फ्लॅशला पुन्हा भरून यायला अवकाश लागतो, आणि एकदा चुकलेली पकड त्या फेरीत परत येत नाही. खेळाडू उडी घेतो, आणि वर जाणे संपून खाली येणे सुरू होण्यापूर्वी निमिषभर तो जणू अधांतरी थांबतो. तो क्षण डोळ्यांनी पाहून बटण दाबणाऱ्याच्या हाती लागत नाही. दोन श्वासांआधी तो ओळखावा लागतो, आणि ती ओळख आखाड्याच्या कडेला कित्येक संध्याकाळी कॅमेरा मिटून बसल्यावाचून येत नाही.

आणि डोळे खेळाडूलाही असतात. डोके खाली करून लटकलेल्या मुलाच्या किंवा काठीचा वार चुकविणाऱ्या मुलीच्या दृष्टीत अवचित लखलखाट शिरला, तर इजा होऊ शकते. जिम्नॅस्टिक्सच्या सामन्यांत फ्लॅशला मनाई आहे ती याचसाठी, आणि ती मला सर्वस्वी न्याय्य वाटते. तेथे सभागृहाच्या दिव्यांवरच भागवावे लागते, आणि आपल्याकडील वीज पन्नास हर्ट्झची असल्याने जुने दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. लागोपाठ घेतलेल्या दोन चित्रांत एक उजळ, दुसरे काळवंडलेले येते, ते यामुळे.

सरावाच्या वेळी मुभा मिळत असेल, तर प्रथम आसानांना, म्हणजे सिलंबमच्या गुरूंना, दिवे कोठे उभे राहतील ते प्रत्यक्ष दाखवावे, एकदा रिकाम्या मैदानात लखलखाट करावा, आणि ज्या दिव्यावर त्यांनी बोट ठेवले तो मुकाट्याने उचलून बाजूस न्यावा.