परमुलखात गेलेली बाई : काय घेतलं, काय नाकारलं, काय सांभाळलं



मागचा कार्यक्रम संपला आणि थोड्याच वेळात कन्नड तालुक्यातून एका ताईंचा फोन आला. त्यांची लेक शहरात नर्सिंग शिकली. आता ती जर्मनीला नोकरीसाठी जायचं म्हणते. ताईंना आनंदही होता आणि धाकधूकही होती. त्या म्हणाल्या, "जाऊबाई म्हणतात, तिकडं गेली की पोरगी आपली राहत नाही. खाणं बदलतं, कपडे बदलतात, देव बदलतो. तुम्ही काय म्हणता?"

आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. पोर त्यांची, निर्णयही त्यांचा. पण आम्हाला एक बाई आठवली. मराठी बोलणारी, विधवा, कडेला दोन वर्षांची मुलगी, आणि १८८३ साली बोटीत बसून इंग्लंडला निघालेली. पंडिता रमाबाई. त्यांचं खाणंपिणं, कपडे, देवधर्म या सगळ्यांचे प्रश्न तिकडे उभे राहिले. त्यांनी ते कसे सोडवले, ते आज ऐकू या.

आधी थोडी ओळख. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून गावकऱ्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईनं रमाबाईंना शिकवलं. सारं कुटुंब पायी तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ चालत चालत कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या. पुढे भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न झालं, पण दोन वर्षं व्हायच्या आत तेही गेले. मागे राहिली तान्ही मनोरमा.

१८८२ साली रमाबाई पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मागणी केली की आमच्या बायकांना स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्री डॉक्टर हव्यात. स्वतः डॉक्टर व्हावं, हे त्यांच्या मनात होतं. त्यासाठी इंग्लंडला जायचं ठरलं.

पैसे कुठून आणले? हा प्रश्न आपल्या गटातल्या बाया पहिला विचारतात, आणि बरोबरच विचारतात. रमाबाईंनी 'स्त्रीधर्मनीति' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या विक्रीतून बोटीच्या भाड्याची सोय झाली.

इंग्लंडमध्ये त्या उतरल्या ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज नावाच्या छोट्या गावात. तिथे ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ होता. त्या मठातल्या काही भगिनी पुण्यात काम करत होत्या, त्यांच्याशी रमाबाईंची ओळख झाली होती. मठात कामाची देवघेव ठरली. मठातल्या भगिनी रमाबाईंना इंग्रजी शिकवतील, आणि ज्या भगिनी मिशनरी होऊन आपल्या मुलखात येणार होत्या, त्यांना रमाबाई मराठी शिकवतील. बघा बायांनो, परक्या घरी त्या फुकटच्या पाहुण्या होऊन राहिल्या नाहीत. मराठी हीच त्यांची शिदोरी झाली. आपली भाषा ही कमाई होऊ शकते, हे त्यांनी दाखवलं.

पण सगळं सरळ झालं नाही. डॉक्टर व्हायचं स्वप्न लवकरच मोडलं. रमाबाईंना कानानं नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे वैद्यकीचं शिक्षण घेता येणार नाही, असं ठरलं. त्याहून मोठा घाव दुसरा होता. त्यांच्यासोबत आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण गेली होती. परका मुलूख, परका धर्म, आपल्याला बाटवतील ही भीती, या सगळ्याचं तिच्या मनावर फार दडपण आलं. काही महिन्यांतच तिनं आपला जीव संपवला.

आम्ही हे मुद्दाम सांगतो. परदेशाच्या गोष्टी सांगताना लोक हार-तुरे सांगतात, हे सांगत नाहीत. लांब गेलेल्या माणसाला एकटेपण खातं. मग ते इंग्लंड असो, पुण्याचं वसतिगृह असो, नाहीतर कोल्हापूर-सांगलीकडचा उसाचा फड असो. लेक फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणते, पण आवाज वेगळा लागतो. अशा वेळी "जमवून घे" म्हणून फोन ठेवू नका. विचारा, ऐका, आणि जीव फारच कासावीस असेल तर मदत घ्या. आपल्या देशात असाल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. तिथे मनाच्या त्रासाबद्दल मोफत बोलता येतं.

त्याच वर्षी, सप्टेंबर १८८३ मध्ये, रमाबाईंनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे पुण्यात मोठी खळबळ माजली. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, हा आजच्या बोलण्याचा विषय नाही. श्रद्धा ज्याची त्याची. आम्हाला सांगायचं आहे ते यापुढचं. धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी आपलं सगळं टाकून दिलं का? नाही.

त्या शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेला गोड पदार्थसुद्धा त्या खात नसत. मठातल्या त्यांच्या गुरू, सिस्टर जेराल्डीन, यांना ते खटकलं. जुन्या जातीचा अभिमान अजून सुटला नाही, असं त्यांना वाटलं. रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की मला हिंदू म्हटलेलं आवडतं आणि आपल्या पूर्वजांच्या चालीरीती जमतील तेवढ्या मी पाळणार. साडीही त्यांनी सोडली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, हाही त्यांचा सवाल होता. माझ्या माणसांना कळत नाही ती भाषा पवित्र आणि आमची संस्कृत का नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांच्या घरात राहायचं त्यांच्याशी असा वाद घालायला छाती लागते. बरं, वाद घातला, पण नातं तोडलं नाही. पत्रं चालूच राहिली.

पुढे चेल्टनहॅम गावच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या. मुलग्यांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा इकडचे बिशप आडवे आले. हिंदुस्थानातल्या बाईनं पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, म्हणाले. म्हणजे मैत्रिणींनो, "बाईनं हे करू नये" सांगणारे तिकडेही होतेच.

१८८६ साली रमाबाई बोटीनं अमेरिकेला गेल्या. निमित्त गोड होतं. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्चला डॉक्टर झाल्या. तो सोहळा पाहायला त्या गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. रेल्वेनं साऱ्या देशात फिरल्या, व्याख्यानं दिली. परत आल्यावर १८८९ मध्ये तिथल्या लोकस्थितीवर मराठीत जाडजूड पुस्तक छापलं, आपल्या लोकांना तो देश कळावा म्हणून.

तिकडे त्यांना सगळ्यात नवल कशाचं वाटलं? उंच इमारतींपेक्षा जास्त नवल बायकांच्या संघटनांचं वाटलं. गावोगावी बायकांची मंडळं होती. अध्यक्ष असायची, चिटणीस असायची, इतिवृत्त लिहिलं जायचं, वर्गणीचा हिशोब ठेवला जायचा. म्हणजे आपला बचत गटच म्हणा ना! तेव्हा अमेरिकेतल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क नव्हता, तो १९२० साली मिळाला. मत नसतानाही त्या एकत्र येऊन कामं करवून घेत होत्या.

त्यातलंच एक काम दारूबंदीचं. ओहायो प्रांतात १८७३-७४ च्या हिवाळ्यात बायका दारूच्या गुत्त्यांसमोर जाऊन बसल्या. थंडीत, बर्फात, प्रार्थना म्हणत. कित्येक गुत्ते बंद झाले. त्यातून १८७४ मध्ये स्त्रियांची दारूबंदी संघटना उभी राहिली. तिच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड यांची आणि रमाबाईंची ओळख झाली. आज आपल्या गावात बाया 'आडवी बाटली'साठी मतदान करतात, निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला की दुकान बंद होतं. त्या लढ्यातल्या आपल्या या सगळ्या लांबच्या बहिणी.

आणखी एक गोष्ट त्यांनी उचलली. लहान मुलांना खेळातून, गाण्यातून, हातानं वस्तू करायला लावून शिकवायची पद्धत. त्याला किंडरगार्टन म्हणतात. रमाबाईंनी तिचं शिक्षण घेतलं. छडीशिवायही लेकरू शिकतं, हे त्या काळी आपल्याकडे नवंच होतं. आज अंगणवाडीत ताई टाळ्या वाजवून बडबडगीत म्हणते, तेव्हा ते आपल्याला साधं वाटतं.

पण परदेशातलं सगळंच त्यांना सोन्याचं दिसलं नाही. कंबर आवळून बारीक करायचे कपडे बायका घालत, त्याला त्यांनी नावं ठेवली. टोपीवर मिरवायला पाखरं मारत, त्याचाही त्यांना राग आला. काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना गोरे लोक कसं वागवतात, तेही त्यांनी लिहिलं. आपल्याकडे जात, तिकडे रंग. माणसाला माणसापासून दूर ठेवायची खोड सगळीकडे आहे, हे त्यांना दिसलं. पाहुणी म्हणून गेल्या, पण डोळे मिटून घेतले नाहीत.

अमेरिकेत असताना त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या हालांवर पुस्तक लिहिलं. ते वाचून लोक हलले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायचं तिनं कबूल केलं.

आता परत येण्याची गोष्ट. फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईला उतरल्या आणि लवकरच, ११ मार्चला, शारदा सदन सुरू झालं. केस कापलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या पोरी तिथे शिकू लागल्या. तिथल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन पुण्याला हललं. मग मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे, दोन्ही होते. काम मात्र थांबलं नाही.

दौंडहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर केडगाव स्टेशन लागतं. तिथे रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळात त्यांनी लांबलांबून उपाशी बाया, पोरी आणल्या, जगवल्या. शेती, गाई, विणकाम, छापखाना, सगळं बाया चालवत. वाँटेजच्या मठात मिशनरी बायकांना मराठी शिकवणारी ही पोर पुढे आपल्याच मुलखात मिशनरी झाली. कडेवर घेऊन नेलेली मनोरमा मोठी होऊन अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवू लागली. तिनं निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्यालाही शाळा काढली. तेव्हा आपलं औरंगाबादही त्याच राज्यात होतं. मनोरमा १९२१ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई गेल्या.

आता कन्नडच्या ताईंकडे येऊ. ताई, तुमच्या जाऊबाई म्हणतात ते अगदीच खोटं नाही. लांब गेलेलं माणूस बदलतं. रमाबाईही बदलल्या, आणि त्यांचे काही बदल त्यांच्या माणसांना फार झोंबले. पण बदलणं म्हणजे तुटणं नव्हे. पिठाला चाळण लावतो तसं त्यांनी केलं. मंडळ चालवायची रीत घेतली, लेकरांना शिकवायची रीत घेतली. कंबर आवळणं आणि रंगावरून माणूस तोलणं नाकारलं. भाषा, साडी, ताटातलं अन्न सांभाळलं. चाळण मात्र त्यांच्याच हातात होती, ना मठाच्या, ना पुण्याच्या. तुमच्या लेकीच्या हातातही ती असू द्या.

जायच्या आधी चार कामं तेवढी करा. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणाकडून तरी तपासून घ्या. नोकरीचा करार तिला कळेल अशा भाषेत समजावून घ्यायला सांगा. पासपोर्टची आणि कराराची प्रत घरी ठेवा. तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर दोघींच्याही फोनमध्ये असू द्या. आणि आठवड्यातला एक वार बोलायला ठरवा. त्या दिवशी ती काय खाते हे विचारा, तसंच कुणाशी बोलते हेही विचारा.

गटाच्या बैठकीत बोलायला तीन प्रश्न:

१. आपल्या गटातली कोणती बाई लग्न होऊन, कामाला किंवा शिकायला लांब गेली होती? पहिल्या महिन्यात तिला सगळ्यात अवघड काय गेलं?

२. बाहेरून शिकून आलेली कोणती गोष्ट आपल्या गावात रुजली? कोणती आपण नाकारली, आणि का?

३. आपल्या गावात परमुलखातून कुणी आलं असेल, ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा सून म्हणून, तर तिची भाषा, तिचं खाणं आपण कधी विचारलं का?

उत्तरं लिहून पाठवा, नाहीतर फोन करा. पुढच्या कार्यक्रमात तुमच्या आवाजात ऐकवू.